टास्मानियाला पोचणारी भट्टी

बंद पडलेल्या यंत्राचं एक बरं असतं, ते बंद असतं. त्याच्या नावाने एक सुस्कारा सोडावा, भंगारवाल्याला हाक मारावी आणि मोकळं व्हावं. खरा छळ मांडतं ते मधूनच चालणारं यंत्र. घरच्या माणसांसमोर ते मान टाकतं, आणि बघा हो काय झालंय म्हणून चार माणसं गोळा केली की कांदेपोहे घेऊन आलेल्या मुलीसारखं शहाण्यासारखं वागतं. काळाचौकीच्या एका जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या जयवंत मांजरेकरांच्या ॲम्प्लिफायरने दसरा झाल्यावर हा धंदा सुरू केला आणि मांजरेकरांच्या तोंडचं पाणी पळालं.

मांजरेकर हे हॅम होते. म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, घरातल्या वायरलेसवरून जगभरच्या लोकांशी हौसेखातर बोलणारा माणूस. या कामाला पगार नाही, मान नाही, आणि चाळीत तर साधी समजूतही नाही. मांजरेकर एका टेक्निकल शाळेत वीज हा विषय शिकवून निवृत्त झाले होते, त्यामुळे कोणाचा पंखा घरघरला तरी लोक त्यांना बोलवत, आणि ते गेले की त्यांच्यादेखत वायरमनला फोन करत. असो. अपमान पचवायची सवय शिक्षकी पेशात लागतेच.

तर हा ॲम्प्लिफायर. वायरलेसचा सेट म्हणजे माणसाचा घसा, असं समजा. ॲम्प्लिफायर म्हणजे छाती. घसा कितीही गोड असला तरी छातीत दम नसेल तर आवाज लालबागच्या नाक्यापुढे जायचा नाही. मांजरेकरांचा ॲम्प्लिफायर जुन्या पद्धतीचा, काचेच्या मोठ्या ट्यूबा असलेला. लोखंडी पेटी, पुढे दोन काटे, दोन गोल मुठी, वर जाळी. चालू केला की आत ट्यूबा निखाऱ्यासारख्या लाल होत आणि जाळीतून गरम हवा येई. मांजरेकरांच्या पत्नी कांताबाई त्याला भट्टी म्हणत. पावसाळ्यात त्या त्याच्यावर मोजे वाळवत, आणि हे मांजरेकरांना माहीत नाही असा त्यांचा समज होता.

ही भट्टी मांजरेकरांनी एकट्याने बांधलेली नव्हती. ती धम्मपालबरोबर बांधली होती.

धम्मपाल समोरच्या चाळीतला. ती चाळ आता नाही, तिथे टॉवर उभा आहे. दोघांनी परवान्याची परीक्षा एकत्र दिली, लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर उकिडवं बसून एकेक सुटा भाग निवडला, आणि याच तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत पत्रा कापून ही पेटी जोडली. पुढे धम्मपाल बोटीवर रेडिओ ऑफिसर झाला, बोटीबोटीने जग फिरला आणि शेवटी टास्मानियात स्थायिक झाला. ऑस्ट्रेलियाच्याही खाली, पृथ्वीच्या अगदी काठावर. जाताना त्याने भट्टी जयवंताकडे ठेवली. म्हणाला, "मी तिकडे दुसरी बांधतो. ही तुझ्याकडे असू दे, म्हणजे तुझा आवाज मला पोचेल."

आणि तो पोचत होता. दर रविवारी संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मांजरेकर सेटसमोर बसत आणि टास्मानियातून हाक येई, "जया, आहेस का रे?" मग तासभर गप्पा. हवा कशी आहे, कोणाची ट्यूब गेली, राणीच्या बागेच्या भिंतीवरून कोण पडला होता, गिरणीच्या भोंग्याला आपण किती वेळा शिव्या दिल्या. मांजरेकरांचा सगळा आठवडा त्या तासाकडे तोंड करून बसलेला असायचा. हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, पण रविवारी दुपारपासून ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. रेडिओवर शर्ट दिसत नाही हे कांताबाईंनी पुष्कळदा लक्षात आणून दिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, फोन आहे की. हेच शेजारच्या हितेंद्रने म्हटलं. हितेंद्र हा चाळीच्या रहिवासी समितीचा सेक्रेटरी, मोबाइलच्या दुकानात कामाला. तो म्हणाला, "मांजरेकर, एक सांगू? द्या ते भंगारमध्ये. मस्तपैकी व्हिडिओ कॉल करा ना. फ्री आहे, चेहरा पण दिसतो."

"चेहरा काय करायचाय? तो मला पाठ आहे," मांजरेकर म्हणाले.

फोन त्यांनी करून पाहिला नव्हता असं नाही. पण फोनवर धम्मपाल वेगळाच माणूस होई. "कसा आहेस?" "बरा आहे. तू?" "मीपण बरा." "बाकी?" "बाकी काय, चाललंय." "बरं मग, ठेवतो." एवढ्यावर दोन जिवलग मित्रांचा संवाद संपायचा. फोन कानाला लागला की दोघांनाही कोणीतरी बिल भरतंय असं वाटे. वायरलेसवर मात्र एक माणूस मनसोक्त बोलतो, मग 'ओव्हर' म्हणतो, मग दुसऱ्याने बोलायचं. मध्ये तोंड घालता येत नाही. संसारातसुद्धा ही सोय असती तर बरं झालं असतं, असं मांजरेकर म्हणत. अर्थात हळू आवाजात.

तर दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी धम्मपालने बातमी दिली. त्याची मुलगी प्रिती मेलबर्नला असते. ती बापाला आता एकटं ठेवायला तयार नव्हती. टास्मानियातलं घर विकलं होतं, तिच्या फ्लॅटवर जायचं ठरलं होतं. उंच इमारत, गुळगुळीत काचा, आणि अँटेनाची तार बांधायला सक्त मनाई. "दिवाळीच्या आधीचा रविवार शेवटचा, जया. मग खांब उतरवायला माणसं येतायत. त्या दिवशी नीट बोलू. काय म्हणतोस? ओव्हर."

मांजरेकरांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं, पण म्हणायचं खूप होतं. त्यांनी माइकचा खटका दाबला आणि बोलायला लागले. आणि बोलता बोलता त्यांचं लक्ष काट्याकडे गेलं. काटा शून्यावर झोपला होता. भट्टीने मान टाकली होती, कधी कोण जाणे.

स्पीकरमधून धम्मपालचा आवाज स्पष्ट येत होता. "जया? ऐकू आलं नाही. जया, आहेस का?" ऐकायला भट्टी लागत नाही, ती लागते ती फक्त बोलायला. म्हणजे मांजरेकरांना तो दिसल्यासारखा ऐकू येत होता, आणि त्याच्या लेखी मांजरेकर जगातून नाहीसे झाले होते. तो बराच वेळ हाका मारत राहिला. मांजरेकर सेटला "आहे रे, आहे, आहे" म्हणत राहिले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. कांताबाईंनी पहिल्यांदाच भट्टीला काही नाव ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी चालू केली तर ठणठणीत. काटा आपल्या जागी. मांजरेकर हुश्श करतात न करतात तोच परत गेली. मग आली. मग गेली. मांजरेकरांनी चष्मा लावला, आणि एका थोर संशोधनाला सुरुवात झाली.

या संशोधनातलं पहिलं उपकरण म्हणजे हितेंद्रची बेल. त्याच्या दाराला बिनतारेची बेल होती, दाबली की चिमण्या चिवचिवत. मांजरेकर पूर्ण ताकदीने बोलायला लागले की या चिमण्या आपोआप ओरडत, आणि त्यावरून समितीतर्फे हितेंद्रने मांजरेकरांना दोनदा लेखी समज दिली होती. एरवी हा वादाचा मुद्दा. पण आता मांजरेकरांच्या लक्षात आलं की चिमण्या ओरडतायत तोवर भट्टी चालतेय आणि थांबल्या की गेली. तेव्हा ते माइक धरून आत बसले, कांताबाई दारात, आणि हितेंद्र आपल्या उंबऱ्यावर. खरं तर तो बसला होता तक्रारीला पुरावा गोळा करायला. पण थोड्याच वेळात तो इतका रंगला की "वाजतेय, वाजतेय, गेली, अरे आली" असं क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखं ओरडायला लागला आणि गॅलरीत गर्दी जमली.

गर्दी म्हटली की सल्ला आलाच. पलीकडच्या खोलीतल्या सुचित्राताईंनी सांगितलं, "आमच्या मिक्सरचं सेम असंच व्हायचं. डाव्या बाजूने एक थापट द्यायची, की चालू." मांजरेकर किंचित हसले. शिक्षक हसतात तसं. म्हणाले, हे हाय व्होल्टेजचं यंत्र आहे, इथे तर्काने जावं लागतं. तेवढ्यात सुचित्राताईंनी थापट दिली आणि चिमण्या ओरडल्या.

मांजरेकरांच्या आयुष्यात तर्काचा इतका जाहीर पराभव कधी झाला नव्हता. त्यानंतर मजल्यावरचा प्रत्येक माणूस थापट मारायला येऊ लागला. कोणी वरून मारी, कोणी कोपऱ्यावर, कोणी टिचकीने भागवी. ज्याची थापट लागू पडे तो दिवसभर गॅलरीत छाती काढून फिरे. मांजरेकरांनी एकच नियम घातला. भट्टीजवळ जाताना डावा हात खिशात. दोन्ही हात यंत्राला लागले तर वीज छातीतून जाते, एक हात खिशात असला तर वाचायची आशा असते, हा हॅम लोकांचा जुना दंडक. सुचित्राताईंना खिसा नव्हता, म्हणून त्या डाव्या हाताने पदर धरून थापट मारत. ते दृश्य बाहेरून बघणाऱ्याला आरतीसारखं वाटे.

तळमजल्यावरचे गणपतदादा हे चाळीतले सगळ्यात वडीलधारे, जन्म गिरणीत गेलेला. त्यांनी भट्टीकडे बराच वेळ पाहिलं आणि मालवणीत निदान केलं, "जयवंता, हेका कोरडी हवा बाधता. गिरणीत आमचो धागो असोच तुटायचो. बाजूक ओला गोणपाट टाक." मांजरेकरांनी विजेच्या यंत्राशेजारी पाणी म्हणजे काय होतं ते समजावलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं आणि संध्याकाळी स्वतः ओलं गोणपाट घेऊन आले. ते कांताबाईंनी पाय पुसायला दारात टाकलं. आल्यागेल्याचे पाय स्वच्छ झाले, भट्टी होती तिथेच राहिली.

मांजरेकरांचा स्वतःचा तर्क सांगत होता की ट्यूब म्हातारी झाली. अडीनडीला असावी म्हणून तशी एक ट्यूब त्यांनी गणपतीतच परदेशातून मागवली होती आणि ती तेव्हापासून परदेशी पार्सलांच्या कचेरीत अडकून पडली होती. "चला, मी येतो, माझी ओळख आहे," हितेंद्र म्हणाला आणि बाइक काढली. त्याची ओळख तिथल्या वॉचमनशी निघाली. तीसुद्धा मागच्या वॉचमनशी.

खिडकीपलीकडच्या साहेबांनी कागद पाहिले. "यात लिहिलंय न वापरलेली, नवीन. आणि बनवल्याचं साल बघा, तुमच्या लग्नाच्या आधीचं असेल. माल नवा आहे की जुना?"

"नवा आहे," मांजरेकर म्हणाले. "पण जुना आहे."

"जुन्याला वेगळी परवानगी लागते. नव्याला सालाचा दाखला."

"साहेब, असं बघा. ती बनली त्या वेळी. पण कोणी लावली नाही. खोक्यातच राहिली."

साहेबांनी जरा विचार केला. "म्हणजे म्हातारा आहे, पण ब्रह्मचारी."

"अगदी बरोबर."

"मग तसं लिहून द्या."

मांजरेकरांनी सभ्य भाषेत तसं लिहून दिलं, आणि ती वृद्ध कुमारिका हितेंद्रच्या पोटाशी धरलेल्या पिशवीतून खड्ड्याखड्ड्यांतून काळाचौकीला सुखरूप आली. मांजरेकरांनी हात धुऊन, जवळजवळ सोवळ्यात ती बसवली. भट्टी चालली. संध्याकाळपर्यंत चालली. हितेंद्रच्या चिमण्या घसा बसेपर्यंत ओरडल्या. मजल्याने चहा घेतला. आणि पाहुणे पांगल्यावर काटा निवांत शून्यावर येऊन झोपला.

त्या रात्री मांजरेकर नुसतेच खुर्चीत बसून होते. एवढी वर्षं वीज शिकवली, आणि हाताने बांधलेली एक पेटी ऐकत नाही. पण खरं दुःख त्याचं नव्हतं. शेवटच्या दिवशी धम्मा हाका मारणार आणि आपण मुक्याने ऐकत बसणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. माणूस गेला तर निदान कळतं की गेला. हा तिकडे जिवंत, आपण इकडे जिवंत, आणि मध्ये ही भट्टी. त्यांना धम्मपालची इतकी आठवण आली की लाज वाटली. या वयात मित्रासाठी डोळे भरून येतात हे कोणाला सांगायचं? कांताबाईंनी विचारलंही नाही, दिवा बारीक करून उशी तेवढी पाठीशी सरकवली.

शनिवार उजाडला. दिवाळी तोंडावर आलेली. मांजरेकर पुन्हा थापट, काटा, चिमण्या या चक्रात असताना कांताबाई स्वयंपाकघरातून तावातावाने बाहेर आल्या.

"सुचित्राने भाजणी घातली वाटतं."

"कसली भाजणी?"

"चकलीची, आणखी कसली? तांदूळ भाजल्याचा वास येतोय. दरवर्षी आम्ही दोघी मिळून घालतो. यंदा मला न सांगता घातलीन."

हा आरोप गंभीर होता. चकलीची भाजणी एकत्र घालणं म्हणजे तिसऱ्या मजल्यावर जवळजवळ सोयरीक. कांताबाई तशाच सुचित्राताईंकडे गेल्या. तिकडून उलटा सूर आला. "माझ्याकडे गॅसवर नुसती डाळ आहे, येऊन बघा. मला तर रोज वाटतं, तुम्हीच लपूनछपून भाजताय म्हणून. आठवडाभर वास येतोय तुमच्याच घरातून. मी बोलले नाही, म्हटलं असेल मनात काही."

दोघी दारात समोरासमोर उभ्या, दोघींचे डोळे भरलेले. आणि मांजरेकर आत माइक धरून बसलेले. त्यांनी हळूच खटका सोडला. वास कमी झाला. पुन्हा दाबला. काटा हलला, शून्यावर गेला, आणि जाळीतून करपलेल्या तांदळाचा वास आला.

"कांता," ते म्हणाले, "भाजणी इथे लागलीय."

त्यांनी प्लग काढला, लाकडी काठीला बांधलेल्या अर्थिंगच्या तारेने उरलीसुरली वीज जमिनीत घालवली, डावा हात खिशात घातला आणि जाळीचे स्क्रू खोलले. पेपर वाचायचं भिंग लावून टॉर्च मारला. ट्यूबांच्या शेजारी एकमेकांत सरकणाऱ्या पातळ पत्र्यांचा एक गठ्ठा असतो, मूठ फिरवून तो जुळवला की यंत्र सुरात येतं. त्या पत्र्यांच्या मध्ये एक तांदळाचा दाणा बसला होता. अर्धा कुंकवाने लाल, अर्धा जळून कोळसा. त्याच्यातून ठिणगी उडायची आणि भट्टी बंद पडायची. थापट मारली की दाणा जरासा हलायचा आणि भट्टी चालायची. तळाशी असेच आणखी दाणे, आणि झेंडूची एक पाकळी.

मांजरेकरांना दसरा आठवला. दरवर्षी खंडेनवमीला कांताबाई घरातल्या यंत्रांची पूजा करत. शिलाई मशीन, मिक्सर आणि भट्टी. मांजरेकर विज्ञानाचे माणूस, पण घर एकट्याचं नसतं, म्हणून त्यांनी मार्ग काढला होता. जाळीवर जाड फडकं घालायचं, हळदकुंकू पुढच्या पत्र्यावर. यंदा चाळ पाडायची बोलणी सुरू होती, ही इथली शेवटची पूजा ठरेल म्हणून सगळा मजला आणि खालचेही काहीजण एकत्र पूजेला आले. सगळे भट्टीकडे इतक्या भक्तिभावाने बघत होते की मांजरेकरांना मोह आवरला नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने फडकं काढलं, आणि ट्यूबांचा लाल उजेड दिसावा म्हणून यंत्र चालूही केलं. लोकांनी हात जोडले आणि अक्षता टाकल्या. सगळ्यांनी. वरून.

चाळीला काय सांगायचं हा प्रश्न होता. मांजरेकरांनी घसा साफ करून 'विद्युतरोधाचा भंग' असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. पण तोवर कांताबाईंनी दाणा तळहातावर घेऊन गॅलरीत नेला होता. "ही आपली अक्षत नव्हे. आपला आंबेमोहोर."

सुचित्राताईंनी दाणा उजेडात धरला. दोघींचं भांडण केव्हाच मिटलं होतं. "माझा कोलम. बारीक असतो. हा जाडा आहे हो. उकडा."

उकडा तांदूळ अख्ख्या चाळीत एकाच घरात शिजतो. सगळ्यांनी कठड्यावरून खाली, गणपतदादांच्या दाराकडे पाहिलं. दादा काठी टेकत वर आले, दाणा पाहिला आणि म्हणाले, "माझोच. माझ्या घरात दुसरो तांदूळ नाय." मग दाणा परत देत म्हणाले, "तुजो आवाज लांब जांवदे म्हणान टाकलंय."

मांजरेकरांनी विद्युतरोध गुंडाळून ठेवला. त्यांनी दादांना खुर्ची दिली.

रविवारी मांजरेकरांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मजल्यालाही कामं वाटून दिली होती. मिक्सर, पंखे, माळेचे दिवे, सगळं बंद, कारण त्यांची खरखर रेडिओत शिरते. हितेंद्रने न सांगता बेलची बॅटरी काढून खिशात टाकली. पोरांना खालच्या अंगणात हाकललं. सुचित्राताई आणि कांताबाई चकल्या पाडत होत्या, त्याही खाणाखुणांनी. काळाचौकीत दिवाळीआधीच्या रविवारी इतकी शांतता कर्फ्यूतसुद्धा नव्हती.

"जया, आहेस का रे?"

"आहे," मांजरेकर म्हणाले. काटा आपल्या जागी ताठ उभा होता. "स्वच्छ येतोयस, धम्मा. मी कसा येतोय? ओव्हर."

"शेजारच्या खोलीत बसल्यासारखा."

मांजरेकरांनी अक्षतेची कथा सांगितली. धम्मपाल इतका हसला की त्याला खोकला लागला. "तुला किती वेळा सांगितलं, यंत्राला हळदकुंकू नको, तेल घाल. ऐकशील तर शपथ." मग त्याने गणपतदादांची खुशाली विचारली. मग हवा. मग त्याच्या भट्टीचं काय करणार ते. कोणा तिकडच्या हौशी माणसाला देऊन टाकली होती. मग दोघेही थांबले. एवढं बोलायचं होतं, आणि आता जे होतं ते बोलण्यासारखं राहिलं नव्हतं. मांजरेकरांनी खटका दाबला आणि तसाच सोडला.

"जया," धम्मपाल म्हणाला, "एवढं शांत कसं रे? चाळ रिकामी झाली की काय?"

"नाही रे. तुझ्यासाठी सगळ्यांना गप्प बसवलंय. खरखर नको म्हणून."

"कशाला गप्प बसवलंस? मी इतकी वर्षं तुझ्यामागे तेच तर ऐकत होतो. तू बोलायचास, आणि मागे कोणीतरी कोणाच्या नावाने ओरडत असायचं. तुला सांगितलं नाही कधी. इथे रे, खिडकी उघडली तरी काही ऐकू येत नाही. जरा गॅलरीत धर ना माइक. ओव्हर."

आता परवान्याच्या नियमांत हे बसत नाही. हवेवर दोन माणसांनी एकमेकांशी बोलायचं असतं, गावगोंगाट सोडायचा नसतो. मांजरेकरांनी आयुष्यात हा नियम मोडला नव्हता, दुसऱ्यांना मात्र पाठ करून दाखवला होता. ते उठले. माइकची वायर दारापर्यंतच पुरली. त्यांनी हात बाहेर काढला आणि हळूच म्हणाले, "कांता, सगळ्यांना सांग, नेहमीसारखं करा."

नेहमीसारखं करा म्हटल्यावर कोणालाच काही सुचेना. फोटोवाल्यासमोर उभे राहावेत तसे सगळे उभे. हितेंद्रने खाकरून "समस्त रहिवाशांच्या वतीने" अशी सुरुवात केली. तेवढ्यात सुचित्राताईंची चकली तेलात हसली, म्हणजे फुटून विरघळली, आणि त्या स्वतःशीच करवादल्या, "तरी म्हटलं होतं मोहन जास्त झालं." "माझं मोहन नव्हे, तुझं पाणी जास्त," कांताबाई म्हणाल्या. दोघींची जुंपली. हितेंद्रचं भाषण त्यात बुडालं. खालच्या पोरांना वाटलं बंदी उठली, त्यांचा चेंडू कोणाच्या तरी पत्र्यावर आदळला, गणपतदादांनी मालवणीत त्यांच्या सात पिढ्या काढल्या. कोणाकडे तरी कुकर झाला. वरच्या मजल्यावरून कंदिलाची दोरी सोडताना "डावीकडे घे, अरे डावीकडे, तुझ्या नाही, माझ्या" असं चाललं होतं. मांजरेकर दारात एका हाताने माइक धरून उभे होते. दुसरा हात त्यांनी सवयीने खिशात घातला होता. डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यामुळे हात मोकळा नव्हता.

बऱ्याच वेळाने त्यांनी खटका सोडला. स्पीकरमधून नुसतीच खरखर आली. त्यांना वाटलं, गेली पुन्हा भट्टी. काटा पाहिला, तर व्यवस्थित होता.

"धम्मा? ऐकू आलं का? ओव्हर."

मग धम्मपालचा आवाज आला, पार खाली गेलेला. "आलं. सोडू नको एवढ्यात, जया. अजून जरा ठेव."

मांजरेकरांनी खटका दाबला आणि माइक पुन्हा दाराबाहेर धरला.